सातवीचा विद्यार्थी आणि वैज्ञानिक शोधाचे आकलन : एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाची मराठी संदर्भातील चिकित्सा

प्रास्ताविक

विज्ञानशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय तुलनेची चर्चा आपल्याकडे बहुधा गुण आणि क्रमांक यांच्या अंगाने होते. 'पिसा' या चाचणीच्या २००९ च्या विस्तारित फेरीत हिमाचल प्रदेश व तामिळनाडू ही दोन राज्ये सहभागी झाली, २०११ मध्ये निकाल जाहीर झाले आणि ही दोन्ही राज्ये यादीच्या तळाशी असल्याचे दिसून आले. प्रश्न आपल्या सामाजिक-सांस्कृतिक संदर्भाशी जुळणारे नव्हते, असे कारण त्या वेळी शासकीय पातळीवरून देण्यात आले. पुढे २०१२, २०१५ व २०१८ या तिन्ही फेऱ्यांत भारत नव्हता. विद्यार्थ्याला विज्ञानातील किती माहिती आहे, हे मोजणाऱ्या चाचण्यांविषयी एवढी चर्चा झाली. परंतु विज्ञान हे ज्ञान कसे मिळवते याविषयी विद्यार्थ्याची समज काय आहे, या प्रश्नाकडे मराठीत फारसे लक्ष गेलेले नाही.

हा दुसरा प्रश्न नॉर्मन लेडरमन, ज्युडिथ लेडरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका सहयोगी अभ्यासात मध्यवर्ती आहे. सहा खंडांतील १८ देश-प्रदेशांतील, इयत्ता सातवीत नुकत्याच आलेल्या २,६३४ विद्यार्थ्यांना एकच प्रश्नावली त्यांच्या त्यांच्या भाषेत देण्यात आली. चिली, ब्राझील, इजिप्त, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, चीन, तैवान, फिनलंड, जर्मनी, इस्रायल, न्यूझीलंड अशी परस्परांहून अत्यंत भिन्न शिक्षणव्यवस्था असलेली नावे या यादीत आहेत. भारताचे नाव नाही. एकंदर निष्कर्ष असा की, सातवीच्या उंबरठ्यावरील विद्यार्थ्यांची वैज्ञानिक शोधाविषयीची समज जवळजवळ सर्वत्र अपुरी आहे. समृद्ध देश आणि गरीब देश, केंद्रित अभ्यासक्रम आणि विकेंद्रित अभ्यासक्रम, असे भेद येथे फारसे कामी येत नाहीत.

प्रस्तुत लेखात सदर अभ्यासाच्या साधनाची, म्हणजे प्रश्नावलीची, चिकित्सा करावयाची आहे. ती आपल्या परिसरातून, मराठी माध्यमाच्या सातवीच्या वर्गातून वाचली तर काय दिसते, तिचा कोणता भाग टिकतो आणि कोणता भाग भाषांतरात हरवतो, हा मुख्य मुद्दा आहे. 'आमच्या संदर्भाशी जुळत नाही' ही जुनी सबब पुन्हा वापरण्याचा येथे हेतू नाही. उलट, जेथे ही सबब लागू पडत नाही अशा जागा अधिक काळजीने पाहण्याची गरज आहे.

प्रश्नावलीचे स्वरूप

'व्ह्यूज अबाउट सायंटिफिक इन्क्वायरी', संक्षेपाने 'व्हासी', ही प्रश्नावली २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यामागे एक साधे पण महत्त्वाचे गृहीत आहे. प्रयोगशाळेत हाताने काम करणे आणि त्या कामाचे स्वरूप समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीमुळे दुसरी आपोआप येत नाही. वर्षभर साधने हाताळलेल्या विद्यार्थ्याला 'तू हे असेच का केलेस?' असे विचारले असता उत्तर येत नाही, हा अनुभव विज्ञान शिकविणाऱ्या कोणालाही अपरिचित नसावा.

प्रश्नावली आठ बाबी तपासते. प्रत्येक शोधाचा प्रारंभ प्रश्नापासून होतो, पण त्यासाठी परिकल्पना असलीच पाहिजे असे नाही. सर्व शोधांना लागू पडणारी पायऱ्यांची एकच एक मालिका नसते. कार्यपद्धती प्रश्नावरून ठरते. एकच पद्धत वापरूनही दोन संशोधकांचे निष्कर्ष वेगळे असू शकतात. पद्धतीचा निष्कर्षावर परिणाम होतो. निष्कर्ष गोळा केलेल्या नोंदींशी सुसंगत हवा. नोंद आणि पुरावा या एक गोष्टी नव्हेत. आणि शेवटची बाब अशी की, स्पष्टीकरण हे नव्या नोंदी व पूर्वज्ञान यांच्या मेळातून घडते. उत्तरे लिहून द्यावयाची असतात, काही विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन उत्तरांचा अर्थ पडताळला जातो, आणि प्रत्येक बाबीवरील समज भाबडी, संमिश्र किंवा जाणती अशा वर्गांत मांडली जाते.

पर्यायांवर खूण करावयाच्या चाचणीपेक्षा हे साधन निश्चितच सरस आहे. आपल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाच्या २०१७ व २०२१ च्या फेऱ्यांत आठवीच्या विज्ञानाची तपासणी बहुपर्यायी प्रश्नांनी झाली. तेथे 'का' विचारण्याची सोयच नव्हती. तथापि व्हासीची एक मर्यादा आरंभीच नोंदविली पाहिजे. ती विद्यार्थ्याला विज्ञानाविषयी बोलावयास लावते. बारा वर्षांच्या मुलाला जे करता येते, ते सर्व त्याला वाक्यात मांडता येतेच असे नाही. ज्याचा लेखनाचा सराव कमी, त्याची समजही कमी ठरण्याचा धोका येथे आहे. मुलाखतींमुळे तो काहीसा कमी होतो, संपत नाही. डग्लस ॲलचिन यांनी २०११ मध्ये या परंपरेतील साधनांवर घेतलेला आक्षेपही याच दिशेचा होता : विज्ञानाविषयीची सुटी विधाने ओळखता येणे म्हणजे प्रत्यक्ष प्रसंगी वैज्ञानिक दाव्याची पारख करता येणे नव्हे. हा आक्षेप मला रास्त वाटतो. मात्र त्यामुळे साधन टाकून द्यावे असे वाटत नाही, कारण त्यातील काही प्रश्न सुट्या विधानांच्या पलीकडे जातात. त्यांचाच विचार पुढे केला आहे.

'प्रयोग' या शब्दाची अडचण

प्रश्नावलीतील एक प्रश्न पक्ष्यांविषयी आहे. एका व्यक्तीने शेकडो प्रकारचे पक्षी पाहिले. सारखे अन्न खाणाऱ्या पक्ष्यांच्या चोचींचे आकार सारखे असल्याचे तिच्या लक्षात आले. त्यावरून चोच व अन्न यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष तिने काढला. हा शोध वैज्ञानिक आहे काय? आणि हा प्रयोग आहे काय? अपेक्षित उत्तर असे : वैज्ञानिक आहे, परंतु प्रयोग नाही, कारण येथे कोणताही घटक मुद्दाम बदललेला नाही.

हा प्रश्न मराठीत आणताना पहिली अडचण 'प्रयोग' या शब्दाचीच येते. मराठी भाषकाच्या कानावर हा शब्द तीन वाटांनी पडतो. व्याकरणात कर्तरी व कर्मणी प्रयोग असतात, म्हणजे वापराची रीत. रंगभूमीवर नाटकाचा प्रयोग होतो. संहिता ठरलेली, संवाद पाठ, प्रयोग रंगला की पडला एवढाच प्रश्न. आणि तिसरा शाळेतील विज्ञानाचा प्रयोग. शालेय प्रयोग हा व्यवहारात दुसऱ्या अर्थाच्या अधिक जवळ जातो, असे माझे मत आहे. त्याचीही संहिता आधी ठरलेली असते, शेवट माहीत असतो, आणि 'प्रयोग यशस्वी झाला' हे वाक्य दोन्हीकडे सारखेच चालते. ज्याचा शेवट माहीत नाही अशी कृती म्हणजे प्रयोग, हा अर्थ शब्दाच्या रूढ वापरात जवळजवळ उरलेलाच नाही. त्यामुळे पक्ष्यांच्या प्रश्नाला मराठी विद्यार्थ्याने 'हा प्रयोग नाही' असे उत्तर दिले, तरी त्यामागे 'साहित्य नव्हते, टेबल नव्हते, सरांनी दाखविले नाही' एवढाच विचार असू शकतो. उत्तर बरोबर, कारण भलतेच. याउलट 'त्याने निरीक्षणाचा प्रयोग केला' असे लिहिणाऱ्या मुलाला भाबडे ठरविले जाईल. वास्तविक त्याने व्याकरणातला, वापराचा अर्थ घेतलेला असेल.

इतर संज्ञांची स्थिती फारशी वेगळी नाही. 'इन्क्वायरी'साठी 'चौकशी' हा शब्द घेतला तर तो थेट पोलीस ठाणे, खातेनिहाय चौकशी आणि रेल्वे स्थानकावरील खिडकी यांच्याकडे नेतो. 'शोध' घेतला तर त्यात शोध घेणे आणि शोध लागणे असे दोन्ही अर्थ येतात. विद्यार्थी 'शोध' म्हटले की एडिसन व विजेचा दिवा आठवतो, प्रक्रिया आठवत नाही. 'हायपॉथेसिस'साठी गृहीतक, परिकल्पना, अभ्युपगम असे तीन शब्द आपल्या पुस्तकांत फिरतात, आणि यांपैकी 'गृहीतक' हाच शब्द भूमितीत पुराव्याविना मान्य करावयाच्या विधानासाठीही येतो. जे तपासावयाचे ते आणि जे तपासावयाचे नाही ते, दोन्ही गृहीतक! सर्वांत कठीण प्रसंग 'डेटा' आणि 'एव्हिडन्स' यांच्यातील भेदाचा आहे. 'विदा' हा शब्द परिभाषेत आहे, पण सातवीच्या मुलाच्या तोंडी नाही. तो 'माहिती' म्हणतो. मग प्रश्न असा होतो : 'माहिती आणि पुरावा यांत फरक काय?' मराठीत माहिती कोणीही सांगू शकतो, पुरावा न्यायालयात लागतो. मुलगा हाच फरक सांगेल, आणि तो आपल्या जागी योग्यच असेल.

येथे एक गोष्ट मान्य करावयास हवी की, अशी अडचण केवळ मराठीची नाही. अठरा देशांत भाषांतर व प्रतिभाषांतर करूनच प्रश्नावली वापरली गेली. परंतु प्रतिभाषांतराने शब्द इंग्रजीत परत येतो एवढेच सिद्ध होते. 'प्रयोग' परत 'एक्स्पेरिमेंट' होऊन येईलच. मधल्या प्रवासात मुलाच्या मनात नाटक उभे राहिले होते की नाही, हे त्यावरून कळणार नाही. मराठी आवृत्ती करावयाची झाल्यास प्रत्येक संज्ञेवर मुलांशी आधी बोलावे लागेल, आणि बहुधा संज्ञा टाळून वर्णनात्मक वाक्ये वापरावी लागतील : 'पाहून ठेवलेल्या नोंदी', 'एखादी गोष्ट मुद्दाम बदलून काय होते ते पाहणे'.

किहीम आणि कर्नाळा

पक्ष्यांच्या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक रंजक आहे, आणि ती आपल्या जिल्ह्यातच आहे. बर्लिनमध्ये पक्षिशास्त्राचे प्रशिक्षण घेऊन सलीम अली १९३० मध्ये परतले तेव्हा त्यांच्या हाताशी नोकरी नव्हती. ते अलिबागजवळील किहीम येथे राहू लागले आणि घराजवळच्या सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे त्यांनी पावसाळाभर निरीक्षण केले. नर घरटे अर्धवट विणतो. मादी येऊन ते पाहते. पसंत पडले तर ती त्यात मुक्काम करते आणि नर ते पूर्ण करतो. त्यानंतर तो लगेच दुसरे घरटे विणावयास घेतो व दुसऱ्या मादीची वाट पाहतो. सुगरणीच्या विणीची ही क्रमवार बहुपत्नीक रीत त्यांनी नोंदविली आणि १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांनी एकही घटक बदलला नाही. नियंत्रित गट नव्हता. बसून पाहणे, वेळ टिपणे, पक्षी ओळखणे, पुन्हा पाहणे, एवढीच कृती. आपल्या शालेय प्रयोगवहीच्या चौकटीत हे काम बसविता येत नाही, आणि तरीही भारतीय पक्षिशास्त्रातील ते अत्यंत महत्त्वाचे काम मानले जाते.

बालभारतीच्या २०१७ मध्ये प्रकाशित झालेल्या इयत्ता सातवीच्या 'सामान्य विज्ञान' या पुस्तकातील पहिलाच पाठ 'सजीव सृष्टी : अनुकूलन व वर्गीकरण' हा आहे. म्हणजे व्हासीतील पक्ष्यांचा प्रश्न ज्या विषयाचा, तोच विषय आपला विद्यार्थी जूनमध्ये शिकतो. पनवेलच्या विद्यार्थ्याला तर कर्नाळा अभयारण्य हाकेच्या अंतरावर आहे. असे असूनही अनुकूलन हा विषय त्याच्यापुढे सिद्ध विधान म्हणून येतो. हे कोणी, कसे, काय पाहून ठरविले, हा प्रश्न पाठात दुय्यम राहतो. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने विज्ञानाच्या अभ्यासक्रमासाठी जे निकष घालून दिले, त्यांत प्रक्रियेची आणि इतिहासाची ग्राह्यता हे दोन निकष होते. किहीमच्या सुगरणीची गोष्ट अर्ध्या पानात सांगता येते आणि तिने दोन्ही निकष एकाच वेळी पाळले जातात. ती सांगून झाल्यावर 'यात प्रयोग कोठे आहे?' असा प्रश्न विचारला की व्हासीची पहिली आणि दुसरी, अशा दोन्ही बाबी वर्गात आपोआप चर्चेला येतील.

अंधारातील रोप

प्रश्नावलीतील सर्वांत कसदार प्रश्न, माझ्या मते, रोपाच्या वाढीचा आहे. रोपाला दररोज मिळालेला प्रकाश आणि आठवड्यातील त्याची उंचीची वाढ यांचा एक तक्ता दिलेला असतो. तक्त्यातील आकडे पाहता, प्रकाश वाढत जातो तशी वाढ एकंदरीत कमी होत जाते. विचारले जाते : या नोंदींवरून कोणता निष्कर्ष काढाल? अधिक प्रकाशात रोप अधिक वाढते, कमी प्रकाशात अधिक वाढते, की दोहोंचा संबंध नाही? येथे विद्यार्थी आकड्यांच्या बाजूने उभा राहतो की पाठ केलेल्या वाक्याच्या बाजूने, हे उघड होते. येथे भाषांतराची सबब चालत नाही. तक्ता हा तक्ताच आहे.

आपल्या परंपरेत शब्दप्रामाण्य आणि प्रत्यक्षप्रामाण्य असा जुना भेद आहे, आणि आगरकरांपासूनच्या सुधारकी परंपरेने शब्दप्रामाण्यावर कठोर टीका केली आहे. ही टीका आपण पोथीपुरती मर्यादित ठेवली. पाठ्यपुस्तक ही देखील पोथी होऊ शकते, याकडे तितकेसे लक्ष गेले नाही. 'प्रकाशात झाडे वाढतात' हे वाक्य सत्य असले, तरी समोरचा तक्ता तसे म्हणत नाही, हे ज्याला दिसत नाही त्याने विज्ञानाचे एक वाक्य श्रद्धेने स्वीकारले आहे. भारतीय संविधानात १९७६ मध्ये समाविष्ट झालेल्या वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या कर्तव्याचा उल्लेख आपण व्याख्यानांत वारंवार करतो. सातवीच्या पातळीवर त्याची परीक्षा या एका तक्त्यात होऊ शकते.

मात्र या प्रश्नाला एक बाजू अशी आहे, जिचा विचार प्रश्नावलीच्या गुणदान-पद्धतीत पुरेसा झालेला दिसत नाही. महाराष्ट्रातील असंख्य घरांत नवरात्रात घटस्थापना होते. मातीत धान्य पेरले जाते, घट देवघराच्या कोपऱ्यात असतो, आणि नऊ दिवसांत धान सरसर वाढून उंच, बारीक व पिवळट होते. प्रकाश अपुरा असला की अंकुर साठवलेले अन्न खर्चून उंचीकडे धावतो, हे त्याचे वनस्पतिशास्त्रीय कारण. म्हणजे आपल्या विद्यार्थ्याच्या घरात तक्त्याला दुजोरा देणारे निरीक्षण दरवर्षी घडत असते. त्याच्यापाशी दोन पूर्वज्ञाने आहेत, एक पुस्तकातले आणि एक देवघरातले, आणि ती परस्परविरोधी भासतात. 'कमी प्रकाशात रोप अधिक वाढते, आमच्या घटातही तसेच होते' असे उत्तर एखाद्या मुलीने लिहिले, तर तिने शेवटची बाब, म्हणजे नोंदी आणि पूर्वज्ञान यांचा मेळ, नेमकी साधलेली आहे. तिच्याही पुढे जाऊन कोणी म्हणाले की 'उंची वाढली म्हणजे वाढ झाली असे नाही. वाळवून वजन केले तर वेगळे दिसेल', तर पद्धतीचा निष्कर्षावर परिणाम होतो ही पाचवी बाबही तेथेच सिद्ध झाली. चिलीतील किंवा फिनलंडमधील मुलापेक्षा आपल्या मुलाला येथे एक सोय अधिक आहे. ती वर्गात कधी वापरली जात नाही, याचे कारण देवघर आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये आपण बांधलेली भिंत हे असावे. घटाकडे श्रद्धेचा विषय म्हणून पाहणारे आणि अंधश्रद्धेचा विषय म्हणून पाहणारे, दोघेही त्यातील रोपाकडे पाहत नाहीत.

नोंद केव्हा पुरावा होते?

नोंद आणि पुरावा यांतील भेद ही अमूर्त बाब आहे. व्हासीतही ती थेट व्याख्येच्या स्वरूपात विचारली जाते, आणि मला हाच त्या साधनाचा दुबळा भाग वाटतो. व्याख्या विचारली की पाठांतराला वाट मिळते. उदाहरण दिले तर भेद चटकन दिसतो, आणि असे उदाहरण खांदा कॉलनीलगतच, नवीन पनवेलच्या सेक्टर १८ मध्ये आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय तेथे आहे. दररोज महामार्गाने जाणाऱ्या किती पालकांना तेथे काय चालते हे ठाऊक असेल, हा प्रश्न वेगळा.

या संस्थेचा वारसा कुलाब्याच्या वेधशाळेकडे जातो. तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक तेजस्वी उद्रेक पाहिला. त्यानंतर आलेल्या चुंबकीय वादळाची नोंद कुलाब्याच्या उपकरणांवर झाली. चुंबकीय क्षेत्राच्या क्षैतिज घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्ला इतकी घट त्यात दिसते. ही वाचने घेणाऱ्या कर्मचाऱ्यांपुढे कोणतीही परिकल्पना नव्हती. ठरल्या वेळी आकडा पाहावा आणि वहीत लिहावा, हे त्यांचे काम. आकडे वहीत राहिले. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लाखिना, एस. ॲलेक्स व वॉल्टर गोन्झालेझ यांनी या नोंदींचा आधार घेऊन त्या वादळाच्या तीव्रतेचा अंदाज मांडला, आणि आज अवकाश हवामानाच्या चर्चेत ती नोंद महत्त्वाचा पुरावा म्हणून गणली जाते. आकडे तेच. १४४ वर्षांनी प्रश्न आला आणि नोंदीचा पुरावा झाला.

याच इतिहासातील दुसरा प्रसंग पद्धतीविषयी बोलतो. मुंबईत विजेवरील ट्राम येणार असे ठरले तेव्हा तिच्या प्रवाहाने कुलाब्याची वाचने दूषित होतील हे नानाभाई मूस यांनी ओळखले. नवी वेधशाळा अलिबागला उभारण्यात आली आणि १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या, जेणेकरून जागा बदलली तरी मालिका तुटू नये. विजेची ट्राम प्रत्यक्षात १९०७ मध्ये धावली. साधनाच्या शेजारी काय आहे यावर आकडा अवलंबून असतो, ही गोष्ट बारा वर्षांच्या मुलाला यापेक्षा सोप्या रीतीने क्वचितच सांगता येईल. व्हासीत याच आशयासाठी मोटारीच्या टायरांचा प्रश्न आहे : एका गटाने अनेक कंपन्यांचे टायर एकाच रस्त्यावर तपासले, दुसऱ्याने एकाच कंपनीचे टायर तीन प्रकारच्या रस्त्यांवर, कोणत्या कंपनीचा टायर लवकर पंक्चर होतो हे कोणाला कळेल? प्रश्न निर्दोष आहे. शीव-पनवेल महामार्गावरचे खड्डे पाहिलेल्या मुलाला तो परकाही वाटू नये.

प्रयोगवहीची चौकट

उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. ही पाच शीर्षके मराठी माध्यमाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येतील. सर्व शोधांची पायरीमालिका एकच असते, असे आपण त्याला शब्दांनी कधीही शिकवीत नाही. वही ते शिकविते. पाचवे शीर्षक अनेकदा चौथ्याच्या आधी भरले जाते आणि निरीक्षणाचे आकडे त्याला जुळतील असे मागाहून लिहिले जातात, ही गोष्ट महाविद्यालयीन प्रात्यक्षिक परीक्षेपर्यंत चालू असते, हे सहकारी प्राध्यापकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. यात विद्यार्थ्याची लबाडी पाहण्यापेक्षा व्यवस्थेची मागणी पाहणे योग्य ठरेल. जुळलेल्या उत्तराला गुण आहेत, न जुळलेल्या प्रामाणिक आकड्याला नाहीत.

पाठ्यपुस्तकाची मांडणीही याला हातभार लावते. 'करून पहा' या शीर्षकाखाली कृती येते, आणि पुष्कळदा लगतच्याच परिच्छेदात तिचा निष्कर्ष छापलेला असतो. ज्याला पुढचा परिच्छेद वाचता येतो त्याने करून का पाहावे? येथे होशंगाबादच्या अनुभवाची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील त्या जिल्ह्यात १६ माध्यमिक शाळांपासून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सहावी ते आठवीसाठी 'बाल वैज्ञानिक' ही पुस्तके तयार झाली. त्यांत कृती व प्रश्न होते, उत्तरे नव्हती. गटागटांच्या नोंदी फळ्यावर एकत्र मांडून त्यांतील फरकांची चर्चा होई, आणि परीक्षेत पुस्तक उघडण्यास मुभा असे. एकाच कृतीतून भिन्न आकडे येतात आणि त्यावर बोलावे लागते, ही व्हासीची चौथी बाब तेथे प्रश्नावली जन्माला येण्यापूर्वी तीस-चाळीस वर्षे वर्गात घडत होती. कार्यक्रम २००२ मध्ये शासनाने बंद केला.

तरीही कृती वाढविल्या की समज वाढेल, असे समीकरण मांडणे धाडसाचे ठरेल. 'पिसा'च्या २०१५ च्या फेरीत, वर्गात शोधाधारित कृती अधिक होतात असे सांगणाऱ्या विद्यार्थ्यांचे विज्ञानातील गुण अनेक देशांत कमी असल्याचे आढळले, आणि त्यावरून शोधाधारित अध्यापनाविरुद्ध बराच गदारोळ झाला. या आकड्यांचा अर्थ लावताना कोणत्या वर्गात कोणती कृती 'शोध' म्हणून मोजली गेली हे पाहावे लागेल. मागे पडलेल्या वर्गांनाच अधिक कृती दिल्या जात असतील ही शक्यताही उरते. पण लेडरमन यांचे म्हणणे मात्र या निष्कर्षाशी विसंगत नाही. कृती झाल्यावर तिच्याविषयी मुद्दाम, उघडपणे बोलल्याशिवाय समज येत नाही, असेच ते सांगत होते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या अध्ययन निष्पत्तींत विद्यार्थ्याने साधे शोध हाती घ्यावेत अशी अपेक्षा आहे. त्या शोधाविषयी त्याला काय समजले पाहिजे, याबाबत त्या बऱ्याच अंशी मौन आहेत. शिक्षकही जे मोजले जाते तेच करवून घेणार. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठी लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत असे टप्पे आहेत. मुलाखतीच्या टप्प्यावर नेमके हेच बोलणे होऊ शकते. तेथपर्यंत पोचणारी मुले मोजकी, आणि लेखी टप्प्यासाठी शिकवण्या लावणारी पुष्कळ.

मराठी आवृत्तीविषयी

व्हासीची मराठी आवृत्ती शिक्षणशास्त्र महाविद्यालयांनी विज्ञान विभागांच्या साहाय्याने तयार करावी, असे सुचवावेसे वाटते. ती करताना पक्ष्यांचा प्रश्न तसाच ठेवता येईल. शेकडो अनाम पक्ष्यांऐवजी खंड्या, सुतार, बगळा व सुगरण अशी चार नावे आली तर विद्यार्थी चित्र डोळ्यांपुढे आणू शकेल. 'हा प्रयोग आहे काय?' याऐवजी 'या व्यक्तीने एखादी गोष्ट मुद्दाम बदलली काय?' असे विचारावे. टायरांना हात लावण्याची गरज नाही. नोंद व पुरावा यांची व्याख्या विचारण्याऐवजी कुलाब्याच्या वहीची हकिकत पाच ओळींत द्यावी आणि विचारावे : १८५९ मध्ये वहीत काय होते, २००३ मध्ये त्याचे काय झाले? रोपाच्या तक्त्याखाली एक प्रश्न वाढवावा, 'असे वाढलेले रोप तुम्ही कोठे पाहिले आहे काय?' आणि त्याच्या उत्तरासाठी चार ओळींऐवजी अर्धे पान कोरे सोडावे.